आजोबांसाठी एक, बिनमिरचीचा

"मावशी, मेलेल्या माणसाला तुमच्याकडे बसून खाता येतं का?"

हा प्रश्न मी विचारला. भर दुकानात, सात गिऱ्हाइकांच्या समोर, खणखणीत आवाजात. बिक आणि याओ या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की हे विचारायची माझी हिंमत होणार नाही. गेल्या वर्षी पैज लावली असती तर त्या जिंकल्याही असत्या. तेव्हा मी वर्गात हजेरीलासुद्धा हात वर करायचे, आवाज काढायचे नाही. पण या वर्षी वक्तृत्व स्पर्धेत माझा तिसरा नंबर आला (स्पर्धक चार होते, पण तो मुद्दा वेगळा), आणि तेव्हापासून मला कुणी गप्प बसवू शकलेलं नाही.

सहाव्या मावशी (आमच्याकडे मोठ्यांना नावाने नाही, जन्माच्या नंबराने हाक मारतात) पावाला चीर देत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मिरची खातो का?"

"कोण?"

"मेलेला."

"नाही. बिनमिरचीचा लागतो."

"मग घेऊन ये. पण दहा तारखेच्या आत. अकराला भिंत पाडतायत."

बिकला ठसका लागला. याओ स्टुलावरून घसरली. सात गिऱ्हाइकांनी एकदम खाणं थांबवून पुन्हा सुरू केलं. आणि मी, जी आत्तापर्यंत छाती पुढे काढून उभी होते, ती एकदम गप्प झाले. कारण मैत्रिणींसाठी ती गंमत होती. माझ्यासाठी नव्हती.

आता हे सांगायलाच हवं. माझे आजोबा गेल्या वर्षी गेले. आयुष्यभर ते नदीवरची फेरी बोट चालवायचे, आणि रोज सकाळी पहिली फेरी मारून झाली की या गल्लीत येऊन, भिंतीकडच्या लाल स्टुलावर बसून एक बान्मी, म्हणजे मावशींचा लांबट भरलेला पाव, खायचे. कलेजीचा लेप, तळलेलं अंडं, आंबटगोड गाजर-मुळा, कोथिंबीर, मिरची नाही. बान्मीची पारख ते तोंडाने नाही, कानाने करायचे. पाव कुरकुरला पाहिजे. "आवाज नाही तो पाव नाही, ख्वे," असं मला नावाने हाक मारून म्हणायचे. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्यांना नुसती तांदळाची पेज देत होते. त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "या पेजेला आवाजच नाही गं. मला एक बान्मी आण."

ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही. घरी मी सांगितलं, दुकान बंद होतं.

दुकान बंद नव्हतं.

तेव्हापासून आमच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर, त्यांच्या फोटोपुढे, आई दर अमावस्या-पौर्णिमेला उकडलेली कोंबडी आणि चिकट भात ठेवते. दोन्ही बिनआवाजाचे. मी फोटोकडे बघते, फोटो माझ्याकडे बघतो. म्हणून मी ठरवलं होतं की वर्षश्राद्धाला ताटात बान्मी ठेवायची. साधी योजना. दुकानात जायचं, पार्सल घ्यायचं, घरी यायचं.

तर सहाव्या मावशी म्हणाल्या, "तुला पार्सल नाही."

"का?"

"तू पळत नाहीस."

अख्ख्या गावाला त्या पार्सल देतात. रबर बँड लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून. टपालवाल्याला देतात, शाळेच्या शिपायाला देतात, एकदा तर मी त्यांना एका माकडवाल्याला देताना पाहिलंय. आणि वक्तृत्वात तिसरी आलेल्या मुलीला नाही! "ज्याला खायचंय त्याने इथे येऊन बसावं," म्हणाल्या. यावर बिक हसून म्हणाली, "मग विचार ना, आजोबा आले तर चालेल का? हिंमत आहे?" आणि मग मी तो प्रश्न विचारला. बाकी सगळं त्यातून झालं. माझा दोष फक्त पहिल्या वाक्यापुरता.

घरी जाऊन मी मोबाईल पाहिला. त्यात मी आजोबांची तारीख नोंदवून ठेवली होती: सहा ऑगस्ट. दुकान दहापर्यंत. म्हणजे चार दिवस हातात! मी इतकी खूश झाले की शेजारच्या दहाव्या काकांना सांगून टाकलं. आयुष्यातली ही दुसरी मोठी चूक.

दहावे काका सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या अंगणातल्या खुर्चीवर बसून सल्ला देतात. त्यांना स्वतःचं अंगण आहे, पण तिथे ऐकायला कोणी नसतं. त्यांनी चष्मा लावला, भिंतीवरचं फाडायचं कॅलेंडर मागवलं आणि पानं मोजली.

"मूर्ख मुली. तुझे आजोबा सातव्या महिन्याच्या तिसऱ्या तिथीला गेले."

"म्हणजे सहा ऑगस्ट."

"गेल्या वर्षी! या वर्षी अधिक महिना आहे. सहावा महिना दोनदा. श्राद्ध पंचवीस ऑगस्टला येतं. पूर्वज काय तुझ्या मोबाईलने चालतात?"

पंचवीस ऑगस्ट! तोवर गल्ली रुंद झालेली असणार. मावशींच्या दुकानाच्या भिंतीवर लाल रंगाने रेघ मारलेली आहे, रस्ता तिथपर्यंत येणार. दुकान तीन मीटर खोल. रेघ अडीच मीटरवर. "उरलेल्या अर्ध्या मीटरात मी उभी राहीन आणि पाव रस्त्यावर ठेवीन," असं मावशी गिऱ्हाइकांना सांगतात आणि हसतात. गिऱ्हाइकं हसत नाहीत. मावशी आपल्या मुलीकडे जाणार आहेत, कायमच्या.

पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, अधिक महिना मोजायचाच नसतो, बारा महिने झाले की झालं. काका म्हणाले, मोजायचा. आजी म्हणाल्या, तुझ्या बापाच्या वेळी काय केलं होतंस? काका म्हणाले, त्या वर्षी अधिक महिना नव्हता. आजी म्हणाल्या, होता. ही चर्चा जेवायच्या वेळेपर्यंत चालली, आणि शेवटी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं.

"हे सगळं नातवाने बघायचं असतं," काका उसासा टाकून म्हणाले. "पण ही बोलून चालून मुलगी. एकुलती एक. पुढे उदबत्ती कोण लावणार, देव जाणे."

मी तिथेच उभी होते. जिवंत. मला वाटलं, फोटोतल्या माणसाचं ऐकतात तेवढंही माझं ऐकत नाहीत.

श्राद्ध अलीकडे सरकत नाही, ठीक. मग भिंत पाडणं पुढे सरकवू. मी तडक वॉर्ड ऑफिसात गेले. तीन नंबरच्या खिडकीत एक ताई बसल्या होत्या. त्यांच्या टेबलावर पंखा होता आणि तो फक्त त्यांच्याकडे वळायचा.

"अर्जाचं कारण?"

"वर्षश्राद्ध. पाडकाम पंधरा दिवस पुढे ढकला."

"कुणाचं श्राद्ध? दुकानाच्या मालकिणीचं?"

"नाही. गिऱ्हाइकाचं."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "गिऱ्हाइकाला अर्ज करता येत नाही. मालक किंवा भाडेकरू पाहिजे."

"ते तीस वर्षं रोज एकाच स्टुलावर बसले. तेवढ्या जागेचे भाडेकरू झालेच ना?"

"मग त्यांना सही करायला पाठव."

 ताईंना एका मिनिटाने कळलं. त्यांनी पंखा थोडासा माझ्याकडे वळवला.

"मग मृत्यूचा दाखला जोड. दोन प्रती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुझं वय?"

"पंधरा."

"अठरा लागतं गं."

आजोबा ब्याऐंशी, मी पंधरा, दोघांचं मिळून सत्त्याण्णव. सरासरी काढली तरी अठ्ठेचाळीसच्या वर जाते. पण सरासरीचा फॉर्म त्यांच्याकडे नव्हता.

तेव्हा मी ठरवलं. तिथी-बिथी काही नाही. सहा ऑगस्टला, मोबाईलच्या तारखेला, मी आजोबांना दुकानात नेणार. म्हणजे फोटोला. म्हणजे आजोबांनाच.

हे कळल्यावर दहाव्या काकांनी मला थांबवलं नाही. त्यांना नियम सांगायला मिळाले एवढ्यावरच ते तृप्त होते. देव्हाऱ्यावरचा फोटो विचारल्याशिवाय हलवायचा नाही. ताटलीत दोन नाणी उडवायची, एक छापा आणि एक काटा आला तरच होकार. वाटेत वर छत्री धरायची, मृताला ऊन चालत नाही. आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक पुलावर त्यांना मोठ्याने सांगायचं, नाहीतर ते मागे राहतात. "मागे राहिले तर तुझ्या बापाला मी तोंड दाखवणार नाही," एवढं बोलून काका त्यांच्याच (म्हणजे आमच्याच) खुर्चीवर झोपी गेले.

सहा तारखेला दुपारी आईबाबा घरी नव्हते. मी उदबत्ती लावली. काकांनी लिहून दिलेलं वाचलं: "हे पूज्य पितामह, आपली अल्पमती नात आपणांस सविनय विनंती करते की..." दोन्ही छापा. पुन्हा वाचलं. दोन्ही काटा. तिसऱ्यांदा एक नाणं ताटलीतून उडून कपाटाखाली गेलं. ते काढताना माझ्या डोक्याला टेंगूळ आलं. दारात बिक म्हणाली, "नाही म्हणतायत गं ते. जाऊ दे ना."

मी कागद चुरगाळला. फोटोकडे बघितलं.

"आजोबा, बान्मी खायला येताय?"

एक छापा, एक काटा. पहिल्याच फटक्यात.

आमची मिरवणूक अशी होती: पुढे बिकची इलेक्ट्रिक सायकल, मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर आजोबा. बाजूने याओ साध्या सायकलवर, एका हातात काळी छत्री. कागदावर हे चांगलं दिसत होतं. पण इलेक्ट्रिक सायकल पुढे गेली, साधी मागे राहिली, आणि पहिल्याच चौकात आजोबा उन्हात आणि छत्री पाऊण गल्ली मागे, एका झोपलेल्या कुत्र्यावर सावली धरून.

"आजोबा, डावीकडे वळतोय!" मी ओरडले.

ज्या माणसाने चाळीस वर्षं अख्खी नाव लोकांसकट वळवली, त्याला मी डावं-उजवं सांगत होते. चहावाल्याने टोपी काढली. एका बाईंनी विचारलं, "दफन कधी आहे, बाळ?" मी म्हटलं, "झालं, गेल्या वर्षी." त्यांनी माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

सिग्नलला लॉटरीची तिकिटं विकणारी बाई धावत आली. "किती वर्षांचे होते?"

"ब्याऐंशी."

मेलेल्याच्या वयाचा आकडा लॉटरीत लागतो म्हणतात. तिने मागे वळून ओरडायला सुरुवात केली, "ब्याऐंशीवाले घ्या, ब्याऐंशी!" सिग्नल हिरवा होईपर्यंत तिची ब्याऐंशीवर संपणारी सगळी तिकिटं खपली. लोक फोटोला हात जोडून घेत होते. मला आजोबांचा इतका अभिमान वाटला की वळण सांगायचंच राहिलं. बिकला मागे फिरायला लावलं, चौक पुन्हा घेतला. "आजोबा, उजवीकडे! माफ करा!"

मग पूल आला. छोटाच, ओढ्यावरचा. पण आजोबांना पूल आवडायचे नाहीत. नदीवर मोठा पूल झाला आणि त्यांची फेरी बंद पडली, त्या दिवसापासून ते कुठल्याही पुलावरून जाताना तोंड फिरवून बसायचे.

"आजोबा, पूल आलाय," मी म्हटलं. "रागावू नका. दुसरा रस्ता नाही."

आणि का कोण जाणे, तिथे माझा आवाज फुटला. स्पर्धेत एकदाही फुटला नव्हता.

दुकानात सगळी स्टुलं भरलेली होती. शेवटचे दिवस म्हणून गर्दी. मी फोटो छातीशी धरून उभी राहिले. भिंतीकडच्या लाल स्टुलावर एक दाढीवाले गृहस्थ अर्धी बान्मी घेऊन बसले होते. त्यांनी फोटो पाहिला आणि काही न विचारता उठले, स्टूल आपल्या रुमालाने पुसलं. मी आजोबांना त्यावर बसवलं. त्यांच्या डोक्यावरून ती लाल रेघ जात होती.

"एक मिरचीचा, एक बिनमिरचीचा," मावशींनी स्वतःच म्हटलं. कोळशावर पाव शेकले. अंडं फोडलं. कलेजीचा लेप सुरीने एकदाच ओढला, टोकापासून टोकापर्यंत. बान्मी त्यांनी आजोबांसमोर ठेवली आणि साखरेच्या बरणीत उदबत्ती खोचली.

इथे अडचण आली. उदबत्ती संपेपर्यंत ताटाला हात लावायचा नसतो, पूर्वज जेवत असतात. आणि मावशींचा पाव पाच मिनिटांत मऊ पडतो. सगळं दुकान उदबत्तीकडे बघत बसलं. ती कासवासारखी जळत होती. दाढीवाले गृहस्थ म्हणाले, "वाफ गेली बघा." याओ, जी आत्ता कुठे छत्री घेऊन पोचली होती, म्हणाली, "फुंकर घालू का?"

मावशी आल्या, उदबत्ती उचलली आणि बोटांनी मध्येच मोडली. अगदी एवढीशी उरली.

"त्यांना मऊ पाव चालायचा नाही," त्या म्हणाल्या. "भराभरा खायचे. फेरी चुकायची."

तेवढीशी उदबत्ती जळून राख पडली. मग मावशींनी ती बान्मी उचलून माझ्यासमोर ठेवली.

"खा."

प्रसाद तो. पूर्वजांचं झालं की मागे राहिलेल्याने खायचं, टाकायचं नाही, हे मला तीन वर्षांची असल्यापासून माहीत आहे. फक्त त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं की ती मलाच खायची आहे. पुन्हा.

"मावशी, मला नाही खाता येणार."

"त्या दिवशी आली की खाता."

त्यांनी हळू म्हटलं, पण मला वाटलं सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. त्यांना माहीत होतं. वर्षभर माहीत होतं. त्या दिवशी त्यांनी माझ्या मिरचीच्या बान्मीबरोबर आजोबांची बिनमिरचीची पार्सल करून माझ्या हातात दिली होती आणि म्हणाल्या होत्या, पळत जा, हॉस्पिटल दोन मिनिटांवर आहे. आणि बाहेर बिक आणि याओ भेटल्या. नव्या शाळेचं काहीतरी बोलणं निघालं. मी पाचच मिनिटं म्हणून तिथेच बसले, माझी मिरचीची खाल्ली. मग आजोबांची हातात मऊ लागायला लागली. मऊ नेली तर त्यांना आवडणार नाही, असं मी स्वतःला सांगितलं. उद्या ताजी नेईन. आणि तीही खाल्ली.

त्या 'उद्या'च्या पहाटे आजोबा गेले.

"तुम्ही बोलला का नाही?" मी विचारलं.

"काय बोलू? चालतं म्हणू?" मावशींनी टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले. "चालत नाही. पण मी पण तुला तेव्हा ओरडून उठवलं नाही. गिऱ्हाईक होतं समोर." मग त्या माझ्यासमोर बसल्या. सहाव्या मावशी दुकानात बसलेल्या मी कधीच पाहिल्या नव्हत्या. "खा आता. आवाज करून खा. त्यांना तेवढाच ऐकू जाणारेय."

मी खाल्ली. मोठ्याने. मला घास गिळता येत नव्हता, पण चावता येत होता, आणि मी असा चावला की तो कुरकुरला. डोळ्यांतून पाणी गळून पावावर पडत होतं. मिरची नसताना. बिक आणि याओ दोघी मान खाली घालून बसल्या होत्या, एकदाही हसल्या नाहीत. दुकानातलं दुसरं कुणी खात नव्हतं. फक्त माझा आवाज होता.

परत येताना मी एकही वळण विसरले नाही.

दार उघडं होतं. आत देव्हाऱ्यासमोर बाबा उभे होते. आई फोनवर कुठल्यातरी मामाला सांगत होती की फोटो चोरीला गेलाय. दहावे काका दारात होते आणि आपल्याला यातलं काही माहीत नाही असा चेहरा करून होते. बाबा भौतिकशास्त्र शिकवतात. वर्गात ते सांगतात की भूत नसतं, आणि रोज सकाळी देव्हाऱ्याला नमस्कार करून मगच वर्गात जातात.

"चोर फोटो कशाला नेईल?" ते आईला म्हणत होते. मग त्यांना मी दिसले, आणि माझ्या हातात त्यांचे वडील.

मी फोटो जागेवर ठेवला. काचेवर, आजोबांच्या तोंडाजवळ, कलेजीचा एक ठिपका लागला होता. बाबांनी तो अंगठ्याने पुसला आणि नकळत अंगठ्याचा वास घेतला.

"सहाव्या मावशी," ते म्हणाले.

"हो."

"बंद झालं नाही अजून?"

"नाही," मी म्हटलं. "आणि त्या दिवशीही बंद नव्हतं, बाबा. मी खोटं बोलले. बान्मी मी आणली होती. माझी खाल्ली, आणि मग त्यांचीही मीच खाल्ली."

आईने फोन खाली केला. मामा आतून हॅलो हॅलो करत राहिला. बाबा देव्हाऱ्याजवळच्या लाकडी बाकावर बसले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं तो अंगठा मुठीत धरला.

"मला विचारत होते," ते म्हणाले. "ख्वे आली का, म्हणून. मी सांगितलं, दुकान बंद असेल. ते म्हणाले, बंद असेल तर उद्या."

दहाव्या काकांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. आणि मिटलं. मी त्यांना ओळखते तेव्हापासून पहिल्यांदाच.

मी नाक पुसलं. पाठ सरळ केली, स्पर्धेत शिकवली होती तशी.

"आई, बाबा, मी ठरवलंय. पंचवीस तारखेचं श्राद्ध मी करणार. दर वर्षी मीच करणार. नातू नाही म्हणून कुणी रडायचं नाही. कोंबडी नाही, चिकट भात नाही. उद्यापासून चार दिवस मावशींकडे जाऊन कलेजी शिकणार, ट्यूशन बुडली तर बुडली. आणि पुढे तुमच्या दोघांचंही मीच करणार आहे. तेव्हा तुम्हाला काय लागतं ते आत्ताच सांगून ठेवा, मिरची घालायची की नाही तेही. मी पळत येईन."